लोहचुंबक बसवायचा कुठे?

प्रश्न अगदी साधा होता आणि विचारणाऱ्याच्या मनात मला पेचात पकडण्याचा हेतू मुळीच नव्हता. कार्यशाळेत लेथवर काम करणाऱ्या काकांपुढे मी एक आकृती ठेवली होती. वर एक वाटोळी तबकडी, खाली तेवढ्याच आकाराची दुसरी, दोहोंच्या मध्ये तेलाचा पातळ थर, आणि त्या थरातून तिरपा गेलेला एक बाण, ज्याच्या टोकाशी ‘एच’ हे अक्षर होते. गेल्या बारा वर्षांत ही आकृती मी इतक्या वेळा काढली होती, की डोळे मिटूनही ती काढता आली असती. या वेळी फरक एवढाच होता, की ती छापून येण्यासाठी नव्हे, तर धातूत उतरवून घेण्यासाठी काढली होती. काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, ग्रीसने काळा झालेला अंगठा अॅप्रनला पुसला, धातू कोणता, फिनिश किती, मधली फट किती हे एकेक करून विचारून घेतले, आणि मग तो बाण नखाने दाखवत म्हणाले, “हे काय?” मी म्हटले, “चुंबकीय क्षेत्र.” “ते कळलं, मॅडम. पण लोहचुंबक बसवायचा कुठं?”

मला उत्तर देता आले नाही.

उद्या सांगते, असे म्हणून मी कागद गुंडाळला आणि परत आले, पण तो प्रश्न काही मागे राहिला नाही. चुंबकीय द्रवाने, म्हणजे चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या तेलकट द्रवाने, वंगण केलेल्या बेअरिंगवर मी प्रबंध लिहिला होता. त्यानंतर निबंध लिहिले, इतरांचे निबंध तपासले, त्यांत चिन्हांच्या चुका शोधल्या, आणि या सगळ्या खटाटोपात चुंबकाची जागा ठरवण्याची वेळ माझ्यावर एकदाही आली नव्हती. क्षेत्र होते, पण ते निर्माण करणारी वस्तू नव्हती. ही लबाडी होती असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. गणिताला जे लागत नाही ते गणित मागत नाही, इतकेच. तरीही एखाद्या घराचे वर्षानुवर्षे वर्णन करत राहावे आणि पाहुण्याने दार कोणत्या बाजूला आहे असे विचारल्यावर गोंधळून जावे, तसे काहीसे माझे झाले होते.

या विषयाकडे मी ओढली गेले ती चुंबकामुळे नव्हे, तेलामुळे. संशोधनाच्या पहिल्याच आठवड्यात मार्गदर्शकांनी माझ्या हातात काचेच्या दोन जाड चकत्या दिल्या, खालच्या चकतीवर तेलाचा एक थेंब सोडला आणि वरची चकती दाबून पाहा म्हणाले. सुरुवातीला चकती सहज खाली बसली, तेल पसरत कडेपर्यंत गेले, आणि मग काहीतरी अडल्यासारखे झाले. मी जोर वाढवला, तळहाताला काचेची कड रुतू लागली, पण मधला पिवळसर थर जायला तयार नव्हता. त्या हट्टी थराला स्क्वीझ फिल्म म्हणतात, आणि त्याचे गणित १८७४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ स्टेफान यांनी मांडले आहे. थराची जाडी निम्मी व्हायला जितका वेळ लागला, त्याच्या चौपट वेळ ती आणखी निम्मी व्हायला लागतो, आणि तिच्या पुढच्या निम्म्याला त्याच्याही चौपट. चकतीची त्रिज्या दुप्पट केली, तर हा वेळ सोळा पट होतो. समीकरणाचे अक्षरशः ऐकायचे ठरवले, तर सपाट आणि गुळगुळीत अशा दोन चकत्या तेलातून एकमेकींना कधीच भेटणार नाहीत. खऱ्या जगात अर्थातच पृष्ठभागांवरचे सूक्ष्म उंचवटे आधी भिडतात आणि गोष्ट तिथे संपते. पण त्या दुपारी, दुखणारा तळहात चोळत असताना, दोन घन वस्तूंच्या मध्ये केसापेक्षाही पातळ असा एक पदार्थ निव्वळ वाहण्याच्या आळसामुळे उभा राहतो, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटली होती.

बेअरिंगच्या इतिहासात असाच एक अचंबा आहे, आणि मला तो कुठल्याही सिद्धान्तापेक्षा जास्त आवडतो. १८८३ च्या सुमारास बोशॅम्प टॉवर हे इंग्लंडमधल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेसाठी रेल्वेच्या आसांसारख्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. खाली तेलाचे पात्र, त्यात बुडून फिरणारा जर्नल, म्हणजे शाफ्टचा बेअरिंगमध्ये बसणारा भाग, वर बसवलेली अर्धी बेअरिंग आणि तिच्यावर भार, अशी ती मांडणी होती. वरून तेल सोडून पाहावे म्हणून त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. यंत्र सुरू केल्यावर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊन सांडू लागले. भोक बुचाने बंद केले, लाकडी खुंटी ठोकून पाहिली, तर खुंटीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. शेवटी तिथे दाबमापक लावला, तेव्हा त्याचा काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पलीकडे गेला. सरासरी भार तर त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. फिरणारा शाफ्ट स्वतःच तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि त्यातून निर्माण झालेल्या दाबावर स्वतःच तरंगतो, हे त्या सांडलेल्या तेलाने दाखवून दिले, आणि १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे समीकरण लिहिले. आज आम्ही सगळे त्याच समीकरणात एखादे पद वाढवून किंवा एखादी सीमाशर्त, म्हणजे थराच्या कडेवर काय घडते याची अट, बदलून निबंध लिहितो. टॉवर यांना मात्र समीकरण सापडले नव्हते, त्यांना सांडलेले तेल सापडले होते आणि ते पुसून टाकून पुढे जावे असे त्यांना वाटले नाही. काकांच्या प्रश्नानंतर मला या माणसाची वारंवार आठवण होत राहिली.

या पाण्यासारख्या साध्या यंत्रणेला एकच मोठे व्यंग आहे: शाफ्ट थांबला की दाब संपतो. सुरू होताना आणि थांबताना धातू धातूला घासतो, आणि बेअरिंगची झीज बरीचशी या थोड्या क्षणांत होते. शिवाय तेल कडेने गळत राहते. सच्छिद्र ब्राँझची बुश, म्हणजे शाफ्टभोवतीची नळी, वापरली, तर ती स्पंजासारखे स्वतःचे तेल स्वतःजवळ बाळगते, वरून तेल घालायची कटकट उरत नाही, पण दाबाखालचे तेल त्याच छिद्रांतून निसटू लागते आणि भार उचलण्याची ताकद कमी होते. माझ्या आकृतीतली खालची तबकडी अशीच सच्छिद्र होती. तेल जागच्या जागी धरून ठेवणारे काहीतरी हवे, ही या विषयातली जुनी इच्छा आहे. चुंबकीय द्रव त्या इच्छेला उत्तर म्हणून आला, असे लिहायची आमची प्रथा आहे. खरे तर तो आला अगदी वेगळ्याच कामासाठी.

१९६३ मध्ये नासाच्या लुईस संशोधन केंद्रातल्या स्टीफन पॅपेल यांच्यापुढे प्रश्न होता तो अंतराळातल्या इंधनाचा. वजनरहित अवस्थेत टाकीतले इंधन तळाशी बसत नाही, त्यामुळे ते पंपाच्या तोंडाशी येईलच असा भरवसा नसतो. इंधनालाच चुंबकाने ओढून घेता आले तर, असा विचार करून त्यांनी मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाची भुकटी ओलेइक आम्लासह बॉल मिलमध्ये दीर्घकाळ दळली आणि ती द्रवात अशी मिसळली, की ती खाली बसेना. इंधनासाठी ती युक्ती पुढे उपयोगात आली नाही, द्रव मात्र मागे राहिला. रोनाल्ड रोझेन्सवाइग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे शास्त्र उभे केले. त्यातल्या कणांचा व्यास साधारण १० नॅनोमीटर असतो, आणि एका घनसेंटिमीटर द्रवात असे सुमारे दहा कोटी अब्ज कण मावतात. ते इतके लहान असतात, की भोवतालच्या रेणूंचे धक्केच त्यांना तळाशी बसू देत नाहीत, आणि प्रत्येकाच्या अंगावर आम्लाच्या रेणूंचे एक लवदार अस्तर असते, त्यामुळे जवळ आले तरी ते एकमेकांना चिकटत नाहीत. लोखंडाचा कीस तेलात ढवळला तर असे होत नाही, कीस गुमान खाली जाऊन बसतो. हा फरक समजावून सांगताना मी नेहमी थोडी जास्तच रंगात येते.

पहिल्यांदा हा द्रव पाहिला तो एका लहान बाटलीत. काळा, इतका काळा की त्याच्या पृष्ठभागावर खिडकीचे प्रतिबिंब स्वच्छ दिसत होते. वास रॉकेलचा, पण त्याच्या मागे काहीतरी खवट. बाटलीखालून चुंबक वर नेला, तसा तो शांत पृष्ठभाग आधी किंचित फुगला आणि मग एका क्षणी, मधली कुठलीही पायरी न घेता, त्यावर काटे उभे राहिले. षट्कोनी रचनेत, सारख्या अंतरावर, साळिंदराच्या पाठीसारखे. क्षेत्राची ओढ, द्रवाचे वजन आणि त्याचा पृष्ठताण यांच्यातल्या रस्सीखेचीतून एका ठरावीक मर्यादेनंतर हे काटे उभे राहतात, हे कौली आणि रोझेन्सवाइग यांनी १९६७ मध्येच सिद्ध केले आहे, आणि मी ते आधी वाचलेलेही होते. तरीही मी बाटली हातात घेऊन चुंबक वरखाली करत किती वेळ उभी होते, कुणास ठाऊक. घाईत झाकण लावताना एक थेंब बोटावर पडला. साबणाने धुतले, कापडाने घासले, तरी नखाच्या कडेला एक तपकिरी रेघ दोन आठवडे राहिली. माझ्या संपूर्ण प्रबंधात या द्रवाशी आलेला माझा प्रत्यक्ष संबंध तेवढाच.

बाकी सगळे कागदावर झाले. न्यूरिंगर आणि रोझेन्सवाइग यांच्या १९६४ च्या प्रतिमानात, म्हणजे गणिती मॉडेलात, चुंबकामुळे तेलाची श्यानता, म्हणजे घट्टपणा, बदलत नाही, फक्त रेनॉल्ड्सच्या समीकरणातल्या दाबातून क्षेत्राच्या वर्गाशी निगडित असे एक पद वजा होते. या प्रतिमानात सगळीकडे सारखे असलेले क्षेत्र निरुपयोगी ठरते, कारण द्रवाला ओढ लागते ती क्षेत्र जिथे कमी तिथून जिथे जास्त तिकडे. म्हणून क्षेत्र बदलते हवे. कसे बदलते? इथे आम्ही एक सोय करतो. तबकडीच्या कडेवर क्षेत्र शून्य आणि मध्यभागी सर्वांत जास्त, असा त्याच्या वर्गाचा एक देखणा घुमट धरतो, त्याला ‘के’ नावाच्या स्थिरांकाने गुणतो म्हणजे एकके जुळतात, आणि क्षेत्राचा कल किती असावा याचे वेगळे समीकरण एका वाक्यात उरकतो. कडेवर शून्य धरले, की सीमाशर्त आपोआप पाळली जाते आणि समाकलन दोन ओळींत सुटते. असा चुंबक जगात कुठे मिळतो, हे विचारायची गरज पडत नाही. उत्तर प्रत्येक वेळी एकच येते: चुंबकीय राशी वाढवली की भारवहनक्षमता वाढते. आलेखातल्या रेषा एकीवर एक, शिस्तीत चढत जातात. मी स्वतः असे कितीतरी आलेख काढले आहेत आणि ते काढताना मला समाधान वाटलेले आहे. पुढे श्लिओमिस यांचे १९७२ चे प्रतिमान हाताशी घेतले, ज्यात क्षेत्रामुळे कणांचे फिरणे अडते आणि द्रव जास्त घट्ट झाल्यासारखा वागतो, पण तिथेही मी क्षेत्र लिहिले, चुंबक नाही.

काकांकडून परत आल्यावर त्या रात्री मी पहिल्यांदा आलेखातल्या त्या एकक नसलेल्या चुंबकीय राशीच्या जागी खरे आकडे घालून पाहिले. चांगल्या चुंबकीय द्रवाचे संपृक्त चुंबकन, म्हणजे त्याला जास्तीत जास्त येऊ शकणारे चुंबकत्व, ०.०४ टेस्लाच्या आसपास धरले आणि चुंबकाजवळचे क्षेत्र अर्धा टेस्ला धरले, तर त्यातून मिळणारा दाब सुमारे १६,००० पास्कल येतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम सहावा भाग. निर्वात यंत्रांत शाफ्टभोवती चुंबकीय द्रवाच्या कड्यांची सील असते, तिच्या एकेका कड्याला पेलणारा दाबही साधारण याच पट्टीतला असतो आणि म्हणूनच तिथे एकामागे एक अशी अनेक कडी लावावी लागतात. टॉवर यांच्या दाबमापकाने दाखवलेला दाब पास्कलमध्ये मोजला तर १४ लाखांच्या घरात जातो. ऐंशी पटींहून अधिक फरक. धावत्या, जड भाराच्या बेअरिंगला चुंबक मदत करतो असे म्हणणे म्हणजे भरल्या बैलगाडीला मुंगीने खांदा देण्यासारखे आहे, आणि आमच्या चढत्या रेषा त्या मुंगीच्या बळावर चढत होत्या. मात्र शाफ्ट थांबलेला असताना, जेव्हा तेलाचा स्वतःचा दाब शून्य असतो, तेव्हा हेच १६,००० पास्कल शिल्लक उरतात. चुंबकीय द्रवात सोडलेला लहान चुंबक भांड्याच्या तळाला न टेकता मध्येच तरंगत राहतो, हे रोझेन्सवाइग यांनी १९६६ मध्ये दाखवले होते. हलका भार आणि थांबत-सुरू होत राहणारे यंत्र असेल, तर ही मुंगी कामाची आहे. हे मी प्रबंधात लिहायला हवे होते. मी लिहिले होते, ‘लक्षणीय वाढ’.

दुसऱ्या दिवशी मी काकांना सांगितले, की चुंबक खालच्या तबकडीच्या खाली बसवू. त्यांनी काही न बोलता खिशातून एक लहान चुंबक काढला, पोलादाच्या जाड पट्टीखाली धरला आणि पट्टीवर टाचण्या टाकल्या. टाचण्या निवांत पडून राहिल्या. “लोखंड खाऊन टाकतं सगळं,” ते म्हणाले. क्षेत्ररेषांना पोलादातून जाणे सोपे वाटते म्हणून त्या फटीपर्यंत येतच नाहीत, हे वाक्य मी वर्गात शिकवलेले आहे. माझ्या आकृतीत तबकड्यांचा धातू कोणता हे मात्र कधीच लिहिलेले नव्हते. सुदैवाने सच्छिद्र ब्राँझ चुंबकाच्या आड येत नाही. वरची तबकडी पितळेची करायचे ठरले. मध्यभागी दाब मोजण्यासाठी एक छिद्र हवे, असा माझा आग्रह होता, त्यात टॉवर यांच्या त्या भोकाची थोडी भक्तीही होती. मधली जागा छिद्राने अडवल्यामुळे चुंबक कडीच्या आकाराचा घ्यावा लागला, आणि त्याच्यासाठी काकांनी तबकडीच्या पोटात, कडेपासून थोडे आत, एक खोबण कातली. ब्राँझचा चुरा सोनेरी भुश्यासारखा लेथखाली साचत होता आणि त्या कापण्याचा बारीक, कोरडा आवाज मला उगाचच आश्वासक वाटत होता.

हॉल प्रोब, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारी कांडी, घेऊन मी तबकडीवर मध्यापासून कडेपर्यंत एकेक मिलिमीटरवर क्षेत्र मोजले. मधोमध आकडे लहान होते. कडेकडे जाताना ते वाढत गेले आणि खोबणीच्या वर सर्वांत मोठे झाले. घुमटाच्या जागी वाटी होती. जिथे मी बारा वर्षे शून्य धरत आले होते, जवळजवळ तिथेच चुंबक सर्वांत जोरात होता. कागदावर ते नवे क्षेत्र त्याच समीकरणात घातले आणि बाहेरचे टोक कडेवरच बांधून ठेवले, तर चुंबकाच्या पदाचे चिन्हच उलटे होत होते: भार वाढण्याऐवजी कमी. हे उत्तर चुकीचे असावे असे मला मनापासून वाटत होते, म्हणून मी ड्रॉपरने दोन मिलिलिटर काळा द्रव घेतला आणि तबकडीच्या मध्यभागी अलगद सोडला. क्षणभर तो तिथे डबक्यासारखा थांबला. मग त्याच्या एका बाजूला जीभ फुटली, ती कडेकडे सरकली, आणि तिच्या मागोमाग सगळा द्रव निघून गेला. खोबणीच्या वर काट्यांचे एक सुबक, काळेभोर कडे तयार झाले. मध्यभागी छिद्राभोवती उघडे ब्राँझ चमकत होते, त्यावर फक्त एक तपकिरी डाग राहिला होता.

सीलसाठी हे कडे फार छान होते. त्या कड्यातून तेल बाहेर गळणे कठीण. तेल राखणे आणि भार उचलणे ही दोन्ही कामे चुंबक करतो, असे मी एकाच वाक्यात लिहीत आले होते, पण चुंबक कडेला असेल तर तो राखणदार होतो आणि उचलायला हवा असेल तर त्याने मध्यभागी यायला पाहिजे. द्रव तर काय, जिथे ओढ जास्त तिथे जाणार. आणखी द्रव ओतून मधली जागा भरता आली असती आणि कडेबाहेर थोडा द्रव सांडू दिला असता, तर चिन्हही पुन्हा सुलटे झाले असते, कारण मग द्रवाचे बाहेरचे टोक कमकुवत क्षेत्रात गेले असते. म्हणजे सगळे काही द्रव नेमका कुठे संपतो यावर अवलंबून होते, आणि माझ्या निबंधांत तो नेहमी तबकडी संपते तिथेच आज्ञाधारकपणे संपत असे.

काका बाजूला उभे राहून पाहत होते. त्यांना काट्यांचे विशेष कौतुक वाटलेले दिसले नाही. “मधे काही राहिलंच नाही की,” ते म्हणाले. मी म्हटले, हो. त्यांनी माझी आकृती पुढे ओढली, कानावरची पेन्सिल काढली, मधले छिद्र खोडून ते बाजूला काढले आणि खालच्या तबकडीच्या पोटात, अगदी मधोमध, एक लहान चौकोन रेखला. छिद्र बाजूला गेले की सर्वांत जास्त दाब मोजता येणार नव्हता, अध्ये-मध्ये कुठलातरी दाब मोजून बाकीचा हिशोबाने काढावा लागणार होता. मी तसे त्यांना सांगितले. त्यांनी खांदे उडवले आणि विचारले, “चुंबक केवढा धरू?” टेबलावर दुसरा, चकतीच्या आकाराचा चुंबक पडला होता. मी कॅलिपर उचलून त्याचा व्यास घ्यायला गेले, तर हात पोहोचण्याआधीच कॅलिपरचा जबडा खट्कन त्याला जाऊन चिकटला, आणि तो सोडवताना दोन हात लागले.